प्लास्टिकच्या स्टुलाच्या उंचीवरून

सायगॉनवरच्या कुठल्याही व्हिडिओत एक शॉट असतोच. कॅमेरा सातव्या-आठव्या मजल्यावरच्या कॅफेच्या गच्चीत ठेवलेला, वेळ संध्याकाळची, खाली मोठा चौक. फिल्म दहापट वेगाने पळवलेली. दुचाक्यांचे दिवे चहूबाजूंनी येतात, एकमेकांत घुसतात आणि कुणीही कुणाला न धडकता पलीकडे निघून जातात. मग निवेदक म्हणतो, ‘पाहा, या गोंधळातही एक लय आहे.’ 2022 मध्ये मुंबईहून हनोई आणि सायगॉनला थेट विमानं सुरू झाली आणि आपल्याकडच्या यूट्यूबरांनीही हा शॉट घेतला, हे वाक्य म्हटलं. नदी म्हणा, माशांचा थवा म्हणा, मुंग्यांची रांग म्हणा. उपमा बदलते, गच्ची तीच राहते.

(शहराचं अधिकृत नाव 1976 पासून हो चि मिन्ह सिटी आहे. तिथले लोक बोलताना सायगॉन म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितोय.)

कामानिमित्त मी त्या शहरात सात महिने राहिलो. त्या काळात आणि नंतर, या रस्त्यांवर कॅमेरा लावणारे जितके सिनेमे मिळाले तितके पाहिले. ते पाहताना गच्चीवरच्या शॉटबद्दलचा माझा राग वाढत गेला. तो शॉट खोटा नाही, पण त्यात माणूस दिसत नाही, हे त्याचं दुखणं. एखादी दुचाकी खाली पडली तर इतक्या उंचीवरून काय दिसेल? ओघाला एक बारीकसा वळसा पडेल आणि दहापट वेगात तो दोन सेकंदांत सरळही होईल.

रस्त्यावरच्या सिनेमाबद्दल बोलताना कथा, अभिनय, छायाचित्रण हे सगळं नंतर. आधी मी एकच गोष्ट बघतो, कॅमेरा किती उंचीवर आहे.

गच्चीखालोखाल लोकप्रिय उंची म्हणजे पर्यटकाच्या डोळ्यांची. हान्स केम्प या डच छायाचित्रकाराचं ‘बाइक्स ऑफ बर्डन’ नावाचं पुस्तक सायगॉनमध्ये परदेशी लोक आठवण म्हणून घेऊन जातात. दुचाकीवरून काय काय वाहून नेतात त्याचे फोटो : डुकरं, बदकं, काचेची तावदानं, पाण्याच्या पिशव्यांमध्ये पोहणारे रंगीत मासे. फोटो उत्तम आहेत, मीही दोनदा चाळलं. मात्र पन्नासेक पानांनंतर लक्षात येतं की आपण ओझं बघतोय आणि ओझ्याखालचा माणूस गाडीचाच एक भाग झालाय. तो कुठून निघाला, या खेपेचे त्याला किती मिळणार, पोलिसाने अडवलं तर काय होणार, हे फोटोच्या चौकटीबाहेर राहतं. ओझं वाहण्याच्या या कौशल्याला तिथे मोठा इतिहास आहे. 1954 साली दिएन बिएन फूच्या लढाईत फ्रेंचांना चकवून डोंगरातून रसद नेली ती हजारो सायकलींवरून. हँडलला आणि सीटच्या मागे बांबू बांधायचा आणि सायकल चालवायची नाही, ढकलायची. एकेका सायकलीवर दोनशे किलोच्या वर माल. आजचा डुकरंवाला त्याच परंपरेतला आहे, पण पुस्तक त्याला गंमत म्हणून दाखवतं.

‘टॉप गिअर’चा 2008 सालचा व्हिएतनाम विशेष भाग बहुतेकांनी पाहिला असेल. तीन इंग्रज, बुटांच्या खोक्यांत भरून दिलेले दीड कोटी डाँग, आणि त्या पैशात कार येत नाही म्हणून घेतलेल्या तीन दुचाक्या : एक व्हेस्पा, एक मिन्स्क, एक होंडा सुपर कब. भाग धमाल आहे. त्यातला कार न मिळण्याचा विनोद मात्र मला नेहमी उलटा वाटतो. त्यांना आठ दिवस जी अडचण होती ती त्या शहराची तीन पिढ्यांची घडण आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिण व्हिएतनाममध्ये होंडाच्या गाड्या इतक्या आल्या की दुचाकीला ‘होंडा’च म्हणायला लागले, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसं. 1986 च्या आर्थिक सुधारणांनंतर थायलंडहून आलेली ‘ड्रीम’ ही घराच्या ऐपतीची खूण झाली. 2000 च्या आसपास स्वस्त चिनी गाड्यांचा लोंढा आला, त्याला उत्तर म्हणून होंडाने 2002 मध्ये ‘वेव्ह अल्फा’ काढली. आज दहा कोटी लोकांच्या त्या देशात नोंदलेल्या दुचाक्या सात कोटींच्या वर आहेत. त्या शहराचं दुकान, शाळा, प्रेम, दवाखाना सगळं सीटच्या उंचीवर बेतलेलं आहे. घराचा दर्शनी दरवाजासुद्धा गाडी आत घेता येईल असा असतो आणि रात्री दिवाणखान्यात सोफ्याशेजारी दोन स्कूटर उभ्या असतात.

इंजिनिअर असल्यामुळे पहिल्या महिन्यात मीही गच्चीवरच होतो असं म्हणता येईल. कॉलेजात माझा रूममेट सिव्हिलचा होता. रस्त्याची क्षमता मोजताना दुचाकी म्हणजे अर्धी-पाऊण कार धरायची, असं तो शिकायचा. त्या हिशेबाचा पाया असा की गाड्या लेनमधून एकामागोमाग जातात. सायगॉनच्या गर्दीत तो पायाच उरत नाही. तिथे कुणी रांगेत नसतो, प्रत्येक जण आपल्यापुढच्या दोन-तीन मीटरांचा हिशेब करतो आणि बाकीच्यांवर सोडून देतो. रस्ता ओलांडायचा नियमही त्यातूनच आलेला : संथ, एका वेगात चालत राहायचं, थांबायचं नाही, मागे वळायचं तर मुळीच नाही. तुम्ही कुठे असाल याचा अंदाज समोरच्याने आधीच बांधलेला असतो. तुम्ही घाबरून थबकलात की त्याचा हिशेब चुकतो. मला हे सगळं फार आवडलं. मध्यवर्ती सर्व्हर नाही, प्रत्येक जण शेजाऱ्यापुरता निर्णय घेतो आणि तरी यंत्रणा चालते. आमच्या धंद्यात याच्यावर लोक पगार घेऊन भाषणं देतात.

पण सात महिने राहिल्यावर ज्या गोष्टी लक्षात राहिल्या त्यांतली एकही या सिद्धांतात बसत नाही. दुपारी बारा वाजता सिग्नल लागला की लोक पांढऱ्या पट्ट्यापाशी थांबत नाहीत, वीस मीटर मागे झाडाची सावली असेल तिथे थांबतात. मधला रस्ता रिकामा, आणि सावलीत पन्नास गाड्या दाटीवाटीने. पाऊस आला की सगळे एकाच क्षणी कडेला घेतात आणि सीटखालून रेनकोट काढतात. त्या रेनकोटला डबलसीटसाठी दोन डोकी बाहेर काढायला दोन भोकं असतात आणि पुढे हेडलाइटच्या जागी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा शिवलेला असतो. फुटपाथवर विटेत कागदाची गुंडाळी खोचून ठेवलेली दिसली म्हणजे इथे बाटलीतून पेट्रोल मिळतं. गल्लीबोळांत पत्ता 86/12/3 असा असतो, म्हणजे 86 नंबरच्या बोळात शिरा, तिथून 12 नंबरचा पोटबोळ, त्यातलं तिसरं घर. फोल्डरमध्ये फोल्डर, माझ्यासारख्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दुपारी भाड्याची दुचाकी चालवणारा माणूस आपल्याच गाडीवर आडवा होतो, पाठ सीटवर, पाय हँडलवर, टोपी तोंडावर, आणि गाढ झोपतो. या भाड्याच्या दुचाकीला तिकडे ‘से ओम’ म्हणतात, शब्दशः मिठीची गाडी. 2014 च्या सुमाराला ॲपवाले आले, मग हिरवी जाकिटं आली, आणि मिठी मारण्याची गरज व ओळख दोन्ही कमी झाल्या. माझ्या बोळाच्या तोंडाशी तरी एक म्हातारे काका रोज बसायचे. ॲप नाही, जाकीट नाही. गिऱ्हाइकं ठरलेली : तीन शाळकरी पोरं आणि मासळी घेऊन येणारी एक बाई.

हे सगळं दाखवायचं तर कॅमेरा कुठे लावावा? सिनेमावाल्यांनी या प्रश्नाची जी उत्तरं दिली त्यांतली तीन-चार तपासून बघण्यासारखी आहेत.

त्रान आन्ह हुंग हा व्हिएतनाममध्ये जन्मलेला, बाराव्या वर्षी फ्रान्सला गेलेला दिग्दर्शक. त्याचा पहिला सिनेमा ‘द सेंट ऑफ ग्रीन पपाया’ (1993) सायगॉनमध्ये घडतो आणि संपूर्ण चित्रित झालाय पॅरिसजवळच्या स्टुडिओत. घर, अंगण, पपईचं झाड, मुंग्या, बेडूक, सगळं हाताच्या अंतरावर. रस्ता फक्त भिंतीपलीकडचा आवाज म्हणून येतो. सुंदर सिनेमा आहे, पण स्टुडिओतल्या त्या सायगॉनमध्ये धूळ नाही. दोन वर्षांनी ‘सिक्लो’ करताना तोच माणूस खऱ्या रस्त्यावर उतरला, आणि जणू पपईच्या सगळ्या शांततेची भरपाई करायची असावी असा उतरला.

‘सिक्लो’चा नायक अठरा वर्षांचा, त्याला नाव नाही. तो सायकलरिक्षा चालवतो, म्हणजे तिकडची पुढे प्रवासी आणि मागे चालक असलेली. बाप रिक्षा चालवतानाच ट्रकखाली गेला. आजोबा रस्त्यावर बसून टायरमध्ये हवा भरतात, धाकटी बहीण बूटपॉलिश करते, थोरली बाजारात पाणी वाहते. रिक्षा भाड्याची, ती चोरीला जाते आणि पोरगा मालकिणीच्या कर्जात व तिच्या टोळीच्या हातात सापडतो. कथा डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’पासून निघते आणि टोनी लिउंगने केलेल्या कवी-गुंडापाशी पोचेपर्यंत कुठल्या कुठे गेलेली असते. 1995 साली व्हेनिसला सुवर्णसिंह मिळाला. व्हिएतनाममध्ये त्यावर बंदी आली.

इथे कॅमेरा रिक्षाचालकाच्या सीटच्या उंचीवर येतो आणि त्यामुळे रस्ता प्रथमच कष्टाचा दिसतो. पायडलचा, घामाचा, चढाचा. मागून हॉर्न वाजवत मोटरसायकली त्याला ओलांडून जातात. ज्या वर्षांत शहर सायकलीवरून होंडावर चाललं होतं त्याच वर्षांतलं हे चित्रण असल्यामुळे त्याची रिक्षा प्रत्येक चौकटीत मागे पडत असते. संवादातून एकदाही न सांगता दिग्दर्शकाने हे दाखवलंय. ट्रकवरून नेत असलेलं लष्करी हेलिकॉप्टर भर रस्त्यात खाली पडतं, तो प्रसंग तर एखाद्या वाईट स्वप्नासारखा आहे. युद्ध संपून वीस वर्षं झालीत आणि त्याचं भंगार अजून वाहतुकीत अडथळा आणतंय.

तरीही ‘सिक्लो’ पाहताना मला मधूनमधून अवघडल्यासारखं होतं. त्यातला हिंसाचार फार देखणा आहे. पिवळ्या रंगाने माखलेला मालकिणीचा मतिमंद मुलगा, निळ्या रंगाने माखलेला नायक, नाइटक्लबमध्ये वाजणारं रेडिओहेडचं ‘क्रीप’... दिग्दर्शकाला चौकट सजवण्याचा मोह आवरत नाही. तो रस्त्यावर उतरलाय खरा, पण स्टुडिओतले रंगाचे डबे बरोबर घेऊन. शेवटी नायक आजोबांना आणि दोन्ही बहिणींना रिक्षात बसवून गर्दीतून पायडल मारत जातो, तो शॉट मला सगळ्यांत खरा वाटतो. तिथे रंग नाही. चार माणसांचं वजन आहे आणि ते ओढणारा एक जण.

टोनी बुइचा ‘थ्री सीझन्स’ (1999) हा त्याच शहराचा, त्याच रिक्षाचा सिनेमा, फक्त कॅमेरा रिक्षाच्या दुसऱ्या टोकाला, प्रवाशाच्या जागेवर. बुइ दोन वर्षांचा असताना अमेरिकेत गेला, कॅलिफोर्नियात वाढला. अमेरिकेने व्यापारबंदी उठवल्यावर व्हिएतनाममध्ये चित्रित झालेला हा पहिला अमेरिकी सिनेमा. सन्डान्सला ज्युरीचं आणि प्रेक्षकांचं अशी दोन्ही बक्षिसं घेऊन गेला. रिक्षावाला हाय एका वेश्येच्या प्रेमात पडतो, शर्यत जिंकून मिळालेल्या पैशात तिची एक रात्र विकत घेतो आणि तिला फक्त शांत झोपायला सांगतो. कमळं तोडणारी मुलगी आहे, कुष्ठरोगी कवी आहे, हार्वी कायटेलने केलेला मुलीला शोधणारा जुना अमेरिकी सैनिक आहे. शेवटी गुलमोहराच्या लाल पाकळ्यांचा सडा.

मला हा सिनेमा सोसत नाही. रिक्षावाल्याचं मोठं मन दाखवलं की त्याचं पोट दाखवायची जबाबदारी संपते, असं त्याचं काहीसं तत्त्व आहे. हाय दिवसाला किती कमावतो, गाडी त्याची की भाड्याची, हे प्रश्न या सिनेमाला पडत नाहीत. पहिल्या दहा मिनिटांत ‘सिक्लो’ला ते पडलेले असतात. एक धागा मात्र अपवाद. वुडी नावाचा लहान पोरगा गळ्यात पेटी अडकवून लायटर, घड्याळं विकतो. ती पेटी हरवते आणि तो रात्रभर पावसात ती शोधत फिरतो. त्याच्यासाठी कॅमेरा खाली येतो, मुलाच्या उंचीवर, आणि तिथून शहर म्हणजे नुसते गुडघे, मडगार्ड आणि पाणी. या एका धाग्यासाठी तो पाहावा. (कमळाच्या धाग्यातही एक चांगली गोष्ट आहे : खऱ्या कमळांचं गिऱ्हाईक प्लास्टिकची कमळं पळवतात. सायगॉनच्या बाजारात फिरलेल्याला ते पटतं.)

हे दोन्ही सिनेमे आज पाहिले तर आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. रस्त्यावरच्या सगळ्या माणसांना चेहरे आहेत. मागे जाणाऱ्या गर्दीत बाई हसतेय, कुणी शीळ घालतंय, पोरगं पेंगतंय. 15 डिसेंबर 2007 पासून व्हिएतनाममध्ये सगळ्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं झालं आणि काही दिवसांत नव्वद टक्क्यांहून जास्त डोकी झाकली गेली. पुणेकराला हे वाक्य परीकथेसारखं वाटेल. आमच्याकडे 2019 च्या जानेवारीत पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा लोक मोर्चा घेऊन रस्त्यावर आले होते. त्यात धुरासाठी मास्क आणि बायकांचे उन्हाचे अंगभर कोट, हातमोजे, गळ्यापासून डोळ्यांपर्यंतची फडकी. तिकडे गमतीने अशा बायकांना ‘निन्जा’ म्हणतात. पुण्यात स्कार्फवाल्या मुलींना दरोडेखोर म्हणायची पद्धत होती. डोकी वाचली हे महत्त्वाचं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सिनेमाच्या दृष्टीने 2007 नंतर सायगॉनच्या रस्त्यावरचा चेहरा संपला. गर्दीत माणूस दाखवायचा तर त्याला आता गाडीवरून उतरवावं लागतं, कुठेतरी बसवावं लागतं. आणि तिथे बसायची जागा एकच, फुटपाथवरचं ते वीतभर उंचीचं, लाल नाहीतर निळं प्लास्टिकचं स्टूल.

फाम थिएन आनला ही उंची सापडली. 2019 मध्ये कानच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात बक्षीस मिळवणारा त्याचा ‘स्टे अवेक, बी रेडी’ हा लघुपट एका शॉटचा आहे. चौकातल्या टपरीवर तीन तरुण गप्पा मारताहेत आणि शेजारच्या रस्त्यावर दुचाकीचा अपघात होतो. याच बीजावर त्याने तीन तासांचा ‘इनसाइड द यलो कोकून शेल’ उभा केला आणि 2023 साली कानला पहिल्या सिनेमासाठीचं कॅमेरा डोर मिळवलं. गंमत म्हणजे त्याच्या तीस वर्षं आधी ‘पपाया’लाही तेच मिळालं होतं.

सुरुवात अशी : रात्र, फुटबॉलचा सामना, उघड्यावरचं बिअरचं दुकान. थिएन दोन मित्रांबरोबर बसलाय. एक मित्र शहर सोडून डोंगराकडे जायचं म्हणतोय, देव आहे की नाही यावर बोलणं चाललंय, बिअर कंपनीची मुलगी येऊन नव्या बिअरची जाहिरात करून जाते. पावसाची चाहूल. मग बाहेरून आवाज येतो. दुचाकी धडकल्याचा आवाज त्या शहरात राहिलेल्याला ओळखू येतो : आधी प्लास्टिक फुटल्याचा, मग लोखंड घासत गेल्याचा. कॅमेरा दचकत नाही. बसल्या माणसाने मान वळवावी तितक्याच संथपणे तो रस्त्याकडे वळतो. लोक धावतात, गोळा होतात. कुणाला तरी लागलंय, एक मूलही आहे. थिएन जागेवरून उठत नाही. पुढे त्याला कळतं की अपघातात त्याची वहिनी हान्ह गेली आणि पाच वर्षांचा पुतण्या दाओ वाचला.

गच्चीवरच्या शॉटला इतकं नेमकं उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही. ओघाला तिथे जो बारीक वळसा पडतो तो इथे वीस पावलांवर आहे, बिअर हातात आहे आणि आपल्याला मान वळवावी लागतेय. शिवाय दिग्दर्शक बघ्यांना शिव्या घालत नाही. रोज असे आवाज ऐकणारं शहर प्रत्येक वेळी उठून उभं राहू शकत नाही, हे त्याला ठाऊक आहे. माझ्या बोळाबाहेरच्या चौकातही मी सात महिन्यांत चार अपघात पाहिले. प्रत्येक वेळी पहिली धावली ती कोपऱ्यावरची भातवाली बाई, हातात बर्फाचं भांडं घेऊन. प्रत्येक वेळी दहा मिनिटांत तिच्या स्टुलांवर गिऱ्हाइकं परत बसलेली असायची. ती बाई संत नव्हती आणि ती गिऱ्हाइकंही दगड नव्हती. हे दोन्ही एका चौकटीत मावतं हे मला या सिनेमाने दाखवलं.

पुढे थिएन पुतण्याला आणि वहिनीच्या देहाला घेऊन गावी, लाम दोंगच्या डोंगराळ भागात जातो आणि परागंदा झालेल्या भावाला, तामला शोधत राहतो. त्यात वीस मिनिटांहून लांब असा एक शॉट आहे : थिएन दुचाकीवरून निघतो, कॅमेरा मागोमाग, आणि शेवटी आपण कफन शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या सैनिकाच्या खिडकीशी येऊन थांबतो. म्हातारा युद्धातली जखम सांगतो, पैसे घेत नाही. हा शॉट कौशल्य म्हणून सगळ्यांनी वाखाणला. मला त्यातला दुचाकीचा भाग जास्त आवडला, कारण गाडीच्या वेगात शेतं, घरं, कुत्री जशी येतात-जातात ती गाडी चालवणाऱ्याच्या नजरेची गती आहे. काही कापलं नाही की रस्ता खरोखर लागतो तितका वेळ लागतो.

तरी या सिनेमाशी माझं एक भांडण आहे. हान्ह कोण होती? ती सायगॉनमध्ये एकटीने मूल वाढवत होती, नवरा सोडून गेलेला. रात्री त्या चौकातून ती कुठे चालली होती? सिनेमाला ते नको आहे. तिचा मृत्यू हा थिएनच्या आत्म्याच्या प्रवासाचा दरवाजा, दरवाजा उघडला की सिनेमा शहर सोडून धुक्यात शिरतो आणि मागे वळत नाही. धुकं अप्रतिम आहे. पण ज्या बाईमुळे हे सगळं घडलं तिचा रस्ता, तिची गाडी, तिची त्या संध्याकाळची पिशवी यांतलं काही उरत नाही. तीन तासांत यासाठी पाच मिनिटं निघाली असती.

शहर न सोडणारा सिनेमा हवा असेल तर त्रान थान्ह हुयचा ‘रॉम’ (2019) आहे. बेकायदा आकड्यांच्या खेळात बेटिंगच्या चिठ्ठ्या घेऊन धावणारी पोरं, जुन्या पडक्या चाळी, बोळ. मटका माहीत असलेल्या मराठी माणसाला त्याचं व्याकरण पहिल्या मिनिटाला कळेल. बुसानला बक्षीस मिळालं, सरकारी परवानगीशिवाय महोत्सवाला पाठवला म्हणून दंड झाला, आणि 2020 मध्ये काटछाट होऊन तो प्रदर्शित झाला. यात नायकाकडे गाडीसुद्धा नाही. सात कोटी दुचाक्यांच्या देशात जो पायी धावतो तो किती खाली आहे, हे वाकड्या-तिकड्या कॅमेऱ्यातून समजतं. सिनेमा म्हणून तो दमवतो. प्रत्येक शॉट तिरका असला की तिरकेपणाला अर्थ राहत नाही.

रस्त्याकडे नुसतं बघण्यापलीकडे जाणारं काम मला सिनेमात कमी आणि एका पुस्तकात जास्त मिळालं, तेही शेजारच्या देशातलं. क्लाउडिओ सोप्रानझेत्ती या इटालियन मानववंशशास्त्रज्ञाचं ‘ओनर्स ऑफ द मॅप’ बँकॉकच्या नारिंगी जाकिटातल्या मोटरसायकल टॅक्सीवाल्यांवर आहे. बहुतेक जण ईशान्येकडच्या खेड्यांतून आलेले. 2010 च्या लाल शर्टवाल्यांच्या आंदोलनात याच लोकांनी निरोप पोचवले, वाटा उघडल्या, वाटा बंद केल्या. शहराचा ओघ ज्यांच्या अंगावरून जातो त्यांना तो अडवताही येतो, हे त्यांना तेव्हा कळलं. माशांच्या थव्याला हे कळत नाही.

म्हणून उपमांचा हा प्रश्न मला नुसता शैलीचा वाटत नाही. 2017 साली सायगॉनच्या पहिल्या जिल्ह्याचे उपाध्यक्ष दोआन न्गोक हाय यांनी फुटपाथ मोकळे करण्याची मोहीम काढली. या भागाला छोटं सिंगापूर करायचं होतं. हातोडे चालले, स्टुलं ट्रकमध्ये गेली. काही महिन्यांत स्टुलं परत आली आणि पुढच्या जानेवारीत साहेबांनी राजीनामा दिला. 2024 च्या डिसेंबरात शहराची पहिली मेट्रो सुरू झाली, बेन थान्ह ते सुओइ तिएन, 19.7 किलोमीटर. 2025 च्या जुलैत पंतप्रधानांचा निर्देश निघाला : जुलै 2026 पासून हनोईच्या आतल्या रिंगरोडच्या आत पेट्रोलच्या दुचाक्या नकोत. हनोईची हवा वाईट आहे, वाईट म्हणजे फारच. त्यामुळे विरोध करायचा तर कुठल्या तोंडाने करायचा हे मलाही ठरवता येत नाही. पण गच्चीवरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने एक ओघ जाऊन दुसरा येईल, दिवे तसेच फिरतील. विजेची गाडी ज्याला परवडेल तो त्या ओघात असेल. बोळाच्या तोंडाशी बसणाऱ्या काकांची गाडी वीस वर्षं जुनी होती, आणि ती विकली तर जे पैसे येतील त्यात नव्या गाडीची बॅटरीही आली नसती.

या सिनेमांचा आवाज मी अलीकडे हेडफोन लावून पुन्हा ऐकला. ‘सिक्लो’त अजून सायकलींच्या घंट्या आहेत, त्यांवर टू-स्ट्रोकचं फटफटणं. ‘यलो कोकून’मध्ये फोर-स्ट्रोकची एकसंध घरघर, हॉर्न, फुटबॉलचं समालोचन आणि फुटपाथवर ओढलेल्या स्टुलांची खरखर. अपघाताच्या शॉटमध्ये आवाज झाल्यावर ही घरघर क्षणभर खाली जाते. मग एकेक इंजिन पुन्हा सुरू होतं आणि समालोचन ऐकू यायला लागतं.